तक्त्यात न बसलेला टॉवेल

तक्त्यातला शेवटचा चौकोन भरला, तेव्हा तो दाखवायला जवळ कुणी नव्हतं. एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात कंपनीने मला एकट्यालाच पाठवलं होतं.

काम सेंट्रिफ्यूगलचं, म्हणजे गरगर फिरून साखरेतून मळी वेगळी करणाऱ्या मोठ्या लोखंडी पिंपाचं. ते चालू-बंद करायचा जुना दांडा काढून बटणांचं पॅनेल बसवायचं होतं. त्यासाठी मी तक्ता केला. डावीकडे यंत्राच्या अवस्था, वर बटणं आणि चौकोनात त्या अवस्थेत ते बटण दाबल्यावर काय व्हायचं ते. एकही चौकोन रिकामा नको. आज संगणकाच्या पडद्यांसाठी असे तक्ते करतात. आमच्याकडे तेव्हा रिले होते, म्हणजे विजेवर आपोआप उघडमीट करणारे स्विच.

मी दिसलो की कामगार गप्प व्हायचे. पॅनेल नोकऱ्या खाणार, अशी त्यांना भीती होती. मीही ताठ, डबा खोलीवरच मागवायचो. दोन महिने असे गेले. फार एकटं वाटायचं.

पॅनेल चालू करण्याआधी ऑपरेटरची सही घ्यायची असा कंपनीतल्या माझ्या साहेबांचा नियम होता. सर्वांत जुने ऑपरेटर ज्ञानदेवबापू. मी त्यांना तक्ता वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला.

"समदं बरूबर हाय सायेब. पर ह्यात टावेल कुठं हाय?"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. आतली जाळी साफ करायला माणूस पिंपात उतरतो. उतरण्याआधी आपला टॉवेल दांड्यावर टाकतो. टॉवेल असेपर्यंत दांड्याला कुणी हात लावत नाही, चीफ इंजिनियरसुद्धा नाही.

आता दांडाच नव्हता. माझ्या तक्त्यात 'थांबलेलं' ही अवस्था आणि 'चालू' हे बटण यांच्या चौकोनात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : फिरू लागतं. आत माणूस असला तरी.

साहेबांना ट्रंक कॉल लावला. ही चूक कुणी काढली, त्यांनी विचारलं. ऑपरेटरने, म्हटलं.

"मग तू तिथं दोन महिने काय करत होतास?"

तक्त्यात एक ओळ वाढवली : 'आत माणूस'. पॅनेलला किल्ली बसवली. किल्ली काढली की एकही बटण चालत नाही, आणि उतरणारा ती खिशात घालून उतरतो. आठवडा उशीर झाला, पण फिरत्या पिंपात कुणी सापडलं नाही.

निघताना मी बापूंना म्हटलं, आधीच का नाही सांगितलंत?

"तुमी कवा आमच्यात बसलाच न्हाई, सायेब."

तक्ता पुरा भरला म्हणजे बरोबर असतोच असं नाही. त्यांच्यात डबा खायला बसलो असतो, तर हे मला जेवणाच्या सुट्टीत, पहिल्याच दिवशी कळलं असतं.