गाडीखाली न जाणारा मिस्त्री

गाडीच्या मागच्या सीटखालचा नारंगी प्लग उपटायचा, सदऱ्याच्या खिशात टाकायचा, वरून खिशाचं बटण लावायचं आणि पालथ्या क्रेटवर बसून राहायचं. गिऱ्हाईक चुळबुळ करायला लागलं की तो म्हणायचा, "थांबा. आजून जीव हाय तिच्यात."

विजेच्या गाडीचा प्लग काढला तरी आतला करंट लगेच उतरत नाही, थोडा वेळ दबा धरून बसतो, हे मला तिथं बसूनच कळलं. चहा यायचा, चहा संपायचा. मग तो मीटर लावून बघायचा आणि शांतपणे म्हणायचा, "गेली." नवीन गिऱ्हाईक दचकायचं. तुम्हीही दचकला असता. हजार वेळा केलेलं काम, पण त्यानं ती बैठक कधी चुकवली नाही.

लातूरच्या रिंगरोडला एका लिंबाखाली त्याची पत्र्याची शेड. आधी तो बोअरच्या जळालेल्या मोटारी भरायचा, मग ऑटो विजेवर आले, स्कूटर आल्या, शेवटी आमच्यासारख्यांच्या गाड्या आल्या. आमच्या गावात मोकळी भिंत दिसली की तिच्यावर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो लागतात. त्याच्या शेडच्या पत्र्यावरही एका क्लासचा फलक होता. त्याचं स्वतःचं नाव कुठंच नव्हतं. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, मीही म्हणायची.

मी कोण, तर लायसनवर शिक्के मारणारी बाई. सगळी नोकरी आरटीओच्या एका खिडकीत गेली. समोर शेतकरी उभा असो की प्रोफेसर, "क्लच म्हणजे काय, सांगा" असं मी दरडावून विचारायची. क्लच हातानं दाबतात की पायानं, हे मला स्वतःला माहीत नव्हतं. ती चष्म्यावरून बघणारी तरुण बाई आता कुठं भेटली तर मी तिला पहिल्या प्रश्नाला नापास करीन.

आम्ही नवरा-बायको रिटायर झाल्यावर यजमानांनी ही विजेची गाडी घेतली. गल्लीतली पहिलीच. पेढे वाटले, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि पुढच्या दिवाळीच्या आत ते गेले. मला रडू आलं नाही. आता येईल, मग येईल म्हणून पाहुण्या बायका माझ्या तोंडाकडं बघत बसल्या. मीही त्यांच्याबरोबर वाट बघत बसले. तेरावं झालं आणि मी गाडी शिकायला लागले. पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांचं फाटक आडवं केलं. लोक म्हणाले, दुःखानं डोक्यावर परिणाम झालाय. दुःख कुठं होतं ते मला तरी सापडलं नव्हतं.

मुलगा पुण्याला. त्याचं म्हणणं सरळ होतं, "आई, गाडी चालवतेस तोवर राहा लातूरला. गाडी बंद पडली की इकडं यायचं." पुण्यात मला खोली आहे, गॅलरी आहे, माझ्या चुका काढणारा नातू आहे. रोज सकाळी "आई, काही हवंय का?" असं विचारणारी गुणी सून आहे. त्या प्रश्नाची मला धास्ती वाटते. मला लातूर सोडायचं नव्हतं. कारण विचाराल तर सांगता येत नाही.

आणि गाडी बंद पडायला लागली. शिरूर अनंतपाळला भाचीकडं गेले, येताना निम्म्या वाटेत चार्जिंगचा आकडा लाल झाला. वॉरंटी संपलेली. शोरूमवाले म्हणाले, आख्खी बॅटरी बदलावी लागेल, गाडी ट्रकवर घालून पाठवा, कधी होईल सांगता येत नाही. मुलगा म्हणाला, "दिवाळीला येतो, बघतो. चालत नसेल तर विकून टाकू." पुढचं वाक्य तो बोलला नाही, मला ऐकू आलं.

ज्या ऑटोवाल्यानं मला घरी आणलं तो म्हणाला, "मावशी, रिंगरोडला एक मिस्त्री हाय. जरा येडा हाय, पर हात चांगला हाय."

गाडी शेडवर नेली तेव्हा मिस्त्रीनं बॉनेटही उघडलं नाही. आधी विचारलं, "किती भरता, मॅडम?"

"पूर्ण. काठोकाठ."

"रोज?"

"रोज. लाईटचा काय भरवसा?"

"आन् चालवता किती?"

"देवळापर्यंत."

त्यानं मेव्हण्याकडं पाहिलं. मेव्हणा म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ, शेडमधला दुसरा माणूस, निलंग्याकडचा, निम्मं कानडी बोलणारा. तो भिंतीकडं तोंड करून हसायला लागला.

"मॅडम, ह्यो रांजण न्हाई," मिस्त्री म्हणाला. "काठोकाठ भरून उन्हात उभी केली की आतल्या आत नासती. लातूरच्या लई गाड्यांना ह्योच आजार. नळ आला, भरून घ्या. लाईट आली, भरून घ्या. नांदेडच्या गाड्या बघा, ठणठणीत. त्यांना गोदावरी हाय, त्यांना कशाची घाई न्हाई."

पाण्यासाठी उभा जन्म काढलेलं गाव आमचं. पंधरा दिवसांनी नळ यायचा तेव्हा मी वाट्यासुद्धा भरून ठेवायची. त्याच हातानं मी गाडी भरली होती.

"म्हणजे मीच मारली का तिला?"

"न्हाई. बॅटरीतला एक डबा गेलाय. बाकीचे नुसते दमलेत." अपघातात मोडलेल्या असल्याच एका गाडीचा डबा हैदराबादेत मिळतो, येईल तवा येईल, म्हणाला. मी दर दोन दिवसांनी चौकशीला जायला लागले. पहिल्या आठवड्यात मॅडमची मावशी झाले.

तिथंच मला दिसलं की हा माणूस गाडीखाली जात नाही. या गाड्यांची बॅटरी असते पोटाखाली. मेकॅनिकनं खाली जायचं नाही म्हणजे न्हाव्यानं डोक्याला हात लावायचा नाही. त्यानं काठीला आरसा बांधला होता, पान्यांना लांब दांडे जोडले होते. तेवढ्यानं भागलं नाही की मेव्हणा चाकाच्या फळीवर उताणा पडून खाली सरकायचा. मग मिस्त्री त्याच्या पायाशी उकिडवा बसायचा.

"बोलत राहा."

खालून आवाज यायचा, "काय बोलू?"

"काय बी बोल."

"ताईनं सांगितलंय, दाजीला म्हनावं फोन उचलत जा."

"दुसरं बोल."

मग सोयाबीन, वरात, कुणाची तरी म्हैस. मेव्हणा गप्प झाला की मिस्त्री त्याचे दोन्ही पाय धरून त्याला खसकन बाहेर ओढायचा, हातात पाना असो नसो. मेव्हण्याच्या सगळ्या पँटी मागून विरलेल्या होत्या. आम्ही गिऱ्हाईकं हसायचो. मी तर जास्तच.

एकदा प्लग खिशात घालून तो बसला होता, मी शेजारच्या क्रेटवर. सहज विचारलं, "तू स्वतः का जात नाहीस रे खाली?"

"जमत न्हाई."

"गाव कुठलं तुझं?"

"किल्लारी."

भूकंपाचं गाव. पुढचं तोच बोलला, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. "सात-आठ वर्साचा व्हतो. आक्का आन् मी एका खोलीत. वरचं माळवद सगळं अंगावर. ती अंधारात बोलत व्हती. शाळेतलं, म्हशीचं, काय बी. मला म्हनली, तू बी बोल. मी बोलत ऱ्हायलो. मग मला झोप लागली का काय, ठावं न्हाई. जाग आली तवा ती बोलत नव्हती."

जगात इतके शब्द असून मी म्हणाले, "बिस्किट घे." त्यानं घेतलं. मग उठून मीटर लावला.

त्या पहाटे मी लातुरातच होते. घर हललं तेव्हा ही शहाणी बाई कुकर घेऊन रस्त्यावर धावली. रिकामा कुकर. नवरा आणि मुलगा मागून आपापले आले. ही गोष्ट सांगून मी वर्षानुवर्षं हळदीकुंकवाला हशा मिळवलाय. त्या चहानंतर कुणाला सांगितली नव्हती. आज तुम्हालाच सांगतेय.

हैदराबादचा डबा आला तो मुलगा यायच्या दिवशीच. गाडी सकाळपासून जाड लाकडी ओंडक्यांवर चढवलेली. दुपारपर्यंत बॅटरी दुरुस्त होऊन परत वर चढली, बोल्ट आवळून झाले, आणि मेव्हण्याला फोन आला. निलंग्याला त्याची बायको बाळंतपणात अडली होती. तो तसाच मोटरसायकलवर बसून गेला.

एकच जोडणी राहिली होती. पोटाखाली, मधोमध. दाबली की टक वाजते, एवढंच काम. मिस्त्रीनं आरसा घातला, लांब दांडा घातला. दांडा घसरत होता. मग तो स्वतः फळीवर उताणा पडला. डोकं गाडीच्या कडेपर्यंत गेलं आणि तो परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. उठून क्रेटवर बसला.

"उद्या करू, मावशी. त्यो येईल उद्या."

"पोरगा आज येतोय."

"ठावं हाय मला," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

मग मी पदर खोचला आणि फळीवर जाऊन आडवी झाले.

"ओ मावशी, काय करायलात?"

"प्लग खिशात आहे ना?"

त्यानं खिसा चाचपला. "हाय."

"मग ढकल."

खाली रबराचा आणि धुळीचा वास होता. बॅटरीचं पोट नाकाच्या वर वीतभर. त्याच्या हातानं माझा घोटा घट्ट धरलेला होता.

"बोला," वरून आवाज आला.

जन्मभर जिला नवऱ्यानं "बोलायचं जरा थांब गं" म्हटलं, त्या बाईला शब्द सुचेना. मी कचेरीतलं सांगायला लागले. एक गृहस्थ डोळ्यांच्या तपासणीचा तक्ता पाठ करून आले होते. मी तक्ता उलटा लावला तरी तेच म्हणत होते. "हाव," मिस्त्री म्हणाला, "मग?" मी चाचपडत जोडणी शोधली. म्हटलं, ही गाडी घेतली तेव्हा मी यजमानांशी भांडले होते. म्हटलं, मला कुठं चालवता येते. तर म्हणाले, मी आहे ना.

पुढं काही बोलायला येईना. अंगठा दाबला होता तसाच राहिला. टक वाजलं ते मला ऐकू आलं, सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या क्षणी मी साडीसकट उन्हात होते. अंबाडा सुटलेला, कोपर सोललेलं. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"बोलायचं बंद का केलं?" तो माझ्यावर ओरडला. या वयात माझ्यावर कुणी ओरडत नाही, सगळे समजूत घालतात.

"बसली ती," मी म्हणाले. "टक वाजलं."

तो लिंबामागं गेला आणि कॅनच्या पाण्यानं बराच वेळ तोंड धूत राहिला. लातूरच्या माणसानं इतकं पाणी सांडलेलं मी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मुलानं गाडी औशापर्यंत नेली आणि आणली. आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. "बरं," म्हणाला. "राहा."

मिस्त्री गेला तो पुढच्या उन्हाळ्यात. दुपारचा लिंबाखाली बाजेवर पडला होता, तो उठलाच नाही. मला कळलं तेव्हा दहावं होऊन गेलं होतं. कळल्या कळल्या मी गाडी काढली आणि किल्लारीचा रस्ता धरला. निघताना आकडा बघायचं सुचलं नाही. पोचले तेव्हा परतीपुरतं काही उरलं नव्हतं.

भूकंपानंतर बांधलेल्या, एकसारख्या घरांच्या ओळीत त्याचं घर. त्याच्या बायकोनं मला ओळखलं. "तुमीच का त्या, गाडीखाली गेलेल्या?" म्हणाली. गाडी भरायला खिडकीतून वायर बाहेर काढून दिली आणि मला आत पंख्याखाली बसवलं. भिंतीवर त्याचा फोटो होता, हाराखाली.

मुलाचा फोन आला. मी सांगितलं, मिस्त्री गेला. तो म्हणाला, "मग आता गाडीचं कसं करायचं, आई?" त्याचं खरं होतं. "बघू," म्हणून मी फोन ठेवला.

गाडी वीज ओढायला लागली तसा घरातला पंखा मंदावला. पाती मोजता येतील इतका. त्याची बायको फोटोखालून उठली आणि तिनं पंख्याचं बटण बंद केलं.

"जाऊ द्या सगळी गाडीला," म्हणाली. "तुमाला घरी पोचायचंय."