हिरोइनची वाट

इंटरव्हल होईपर्यंत मी हिरोइनची वाट पाहत बसले, एवढी मी हुशार. पडद्यावर बारावीतले दोन पोरगे एकमेकांच्या प्रेमात पडले होते, अन् मी शेजारच्या अनोळखी बाईला विचारून राहिले, "पोरगी कवा येते?" ती पदरातले फुटाणे माझ्या हातावर ठेवायची.

तरुणपणी गोंदियाच्या याच टॉकीजमध्ये मी दुसऱ्यांच्या प्रेमासाठी ढसाढसा रडले होते. लग्न मात्र पाच एकर धानाच्या शेताशी केलं.

शेवटी सिनेमातल्या बापाने दोन्ही पोरांना पोटाशी धरलं. मी म्हटलं, "असे बाप सिनेमातच असतात." बाईचं चावणं थांबलं. तिने मोबाइल काढून कानाला लावला.

"माहा पोरगा बी या दोघांसारखाच हाये. मीच हाकललं होतं त्याले, आता घरी बोलावून राहिली. तुमी जरा चूप बसा, आजी."