सूज आलेल्या रुग्णाचं ताट

मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि तेवढ्यात मी अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, एका मुलीची बोर्डाची प्रॅक्टिकल परीक्षा खाऊन टाकली. खाऊन टाकली म्हणजे खरोखरच, चमच्यानं.

दोष थोडा सवयीचा. त्या दुष्काळी साली उस्मानाबादेत घरोघरी रेशनच्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी. पण गृहशास्त्राच्या मुलींचा आठवडाभर सराव चालला होता आणि काही बरं शिजलं की एक वाटी स्टाफरूममध्ये यायची. त्या दिवशी टेबलावर अख्खं झाकलेलं ताट. झाकणावर नंबराची चिठ्ठी. चिठ्ठी बाजूला ठेवून मी बसलोच. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, उकडलेला दुधी. सगळं अळणी. मी आयाबाईंना हाक मारून चिमूटभर मीठ मागून घेतलं आणि वर म्हणालोसुद्धा, की पोरींना वर्षभर शिकवून साधं मीठ घालता येईना.

प्रयोगशाळेत मांजर शिरायचं. परीक्षक बाई हेडबाईंकडं चहा घेत होत्या, तोवर सुरक्षित राहावं म्हणून ते ताट स्टाफरूममध्ये आणून ठेवलं होतं.

ज्या मुलीचं ते होतं ती रोज तेरहून एस.टी.नं यायची. गृहशास्त्रात चांगले मार्क पडले तर सोलापूरला नर्सिंगला घालतो, नाहीतर घरी बस, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. ती दारात आली, रिकाम्या ताटाकडं बघत राहिली आणि मैत्रिणीला म्हणाली, "मांजर बरं होतं गं. त्यानं निदान दुधी तरी ठेवला असता."

पुन्हा रांधावं तर सोसायटीच्या दुकानातला तांदूळ तिनं तेवढाच आणलेला. टँकरचं पाणी प्रत्येकीला एक कळशी, तेही संपलेलं.

तेवढ्यात परीक्षक बाई आल्याच. जाड चष्मा, हातात मार्कांचा कागद.

"तुझं ताट कुठाय?"

"सरांच्या पोटात हाय, बाई."

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग चव तुम्हीच सांगा. पोटातलं मला काही तपासता येत नाही."

मला वाटलं, पोरीला तारायची हीच वेळ. "उत्तम होतं. मीठ तर अगदी बेतशीर."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "मीठ होतं?"

"होतं की. अगदी घरच्यासारखं."

"सर, तुमी गप बसा ना," मुलगी म्हणाली. मग बाईंकडं वळून, "बाई, मला सूज आलेल्या रुग्णाचं जेवण करायचं होतं. त्याला मीठ वर्ज्य. म्या घातलंच न्हाय. सर खोटं बोलत्यात."

"सर कशाला खोटं बोलतील?"

"मला पास करायला."

दारातून आयाबाई म्हणाल्या, "पोरगी खरं सांगतीय बाई. सरांनी माझ्याकडनं मीठ मागून घेतलं. वर म्हनले, पोरींना साधं मीठ घालता येईना."

"असं म्हणालात?" बाईंनी मला विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. आयुष्यात माझ्या निंदेचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो तेवढाच.

बाईंनी मार्क मांडले आणि जाता जाता मुलीला विचारलं, "रुग्ण पथ्य मोडायला लागला तर काय करशील?"

"मिठाचा डबा कुलपात घालीन, बाई. आन् आयाबाईंना ताकीद देऊन ठेवीन."

बाई तेव्हा कुठं हसल्या. कागदावरचा आकडा पाहून मैत्रिणीनं तिला कोपरानं ढोसलं, त्यावरून मी काय ते समजलो.

संध्याकाळी घरी येऊन मी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. पोरगी सुटली आणि ती माझ्याच तोंडामुळं सुटली, असा माझा एकूण सूर. बायको भाकरी थापता थापता ऐकत होती. आयाबाईंच्या वाक्याला तर चांगली खळखळून हसली. मग तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मार्कांचं झालं. पण परीक्षा संपली की आपण रांधलेलं आपणच खायचं असतं, आमच्याही शाळेत तसंच होतं. मग ती पोरगी आज काय खाऊन तेरला गेली?"