बांडीनं निवडलेली बाग

चांगुणाची उमेदीची सारी वर्षं पुण्यातल्या एका प्रसूतिगृहात गेली. आयाबाई म्हणून तिनं किती बाळं न्हाऊ घातली आणि किती बाळंतिणींना दटावलं, याला गणती नव्हती. दिल्लीत एशियाडचे खेळ झाले, त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात ती आणि तिचा नवरा आनंदा कामावरून मोकळी होऊन आपल्या गावी, रिह्याला परतली, दोन खोल्यांचं कौलारू घर बांधलं, आणि चुलीतला पहिला धूर विरतोय न विरतोय तोच चांगुणानं सांगून टाकलं, "दारात बाग करायची."

"वांगी लाव. मिरच्या लाव," आनंदा म्हणाला.

"ते परसात. दारात फकस्त फुलं."

प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यापुढं तिनं तशी बाग पाहिली होती. फाटकापासून पायरीपर्यंत दोन्हीकडं फुलझाडं एकमेकांच्या अंगावर रेललेली. इथं जागा दोन बाजल्यांएवढी. पण दसऱ्याला गावातल्या बुद्धविहारात आपल्या दारची फुलं न्यायची, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

आषाढात ती एसटीनं पुण्याला गेली आणि गुलाब, जास्वंद, मोगरा पाटीत घालून घेऊन आली. वाटभर पाटी मांडीवर. कंडक्टरनं ती टपावर ठेवायला सांगितली, तर त्याच्याशीही भांडली. संध्याकाळी रोपं लावली. सकाळी उठून बघते, तर मातीत नुसत्या काड्या उभ्या आणि पायरीवर लेंड्या.

शेजारच्या गोजराबाईची शेळी होती ती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून नाव बांडी. गोजराबाईनं कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मुक्या जनावराला काय कळतंय? कुंपण घाल."

आनंदानं बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं. बांडीनं आधी कुंपणाचाच पाला खाल्ला आणि मग आत आली.

दोन दिवस चांगुणा नुसती धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी ती गावात फिरली, ज्याच्या-त्याच्या दारातून एकेक डहाळी मागून आणली आणि पायरीवर बसून बांडीला हाक मारली. बांडी लगेच हजर.

"हे काय चाललंय?" आनंदानं विचारलं.

"जे ही खाणार न्हाई, ते लावायचं."

शेवंती पुढं केली, गट्टम. तगर गट्टम. कर्दळीचं पान तर बांडीनं चांगुणाच्या हातातून हिसकावलं आणि आणखी आहे का म्हणून पदराला तोंड लावलं. कण्हेर तिनं मुद्दामच दाखवली नाही. दुसऱ्याच्या जनावराला विष कशाला दाखवायचं! अबोली हुंगून बांडी फस्सकन शिंकली. कोरांटीचा काटा टोचला तशी मागं सरली. गवती चहाकडं बघितलंही नाही. झेंडू तोंडात घेतला, क्षणभर चावला आणि चांगुणाच्या पायावर थुंकला.

"पास!" चांगुणा ओरडली.

हे गोजराबाईनं पाहिलं. दारात येऊन म्हणाली, "माझ्या शेळीला फुलं चारतीयास? काय उतारा-बितारा हाय का?"

"मी असलं काय मानत न्हाई, म्हाईत न्हाई व्हय तुला?"

"मग?"

खरं सांगायची सोय नव्हती. "लाड करतीया," चांगुणा म्हणाली.

गोजराबाई विरघळलीच. बांडीला शिव्या घालणारे गावात पुष्कळ होते, लाड करणारं पहिल्यांदाच कुणीतरी भेटलं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच बांडीला चांगुणाच्या दारात आणून उभी करू लागली आणि चहा पिऊन जाऊ लागली.

पास झालेली झाडं श्रावणात लागली. कडेला गवती चहा, कोपऱ्यात कोरांटी, मधे अबोली आणि झेंडू. सरळसोट वाढलेला झेंडू जरा हडकुळा दिसे, पण बांडी बागेतून चालत जाई आणि पानाला तोंड लावत नसे. चांगुणा येणाऱ्या-जाणाऱ्याला हे थांबवून दाखवी.

भादव्यात एका दुपारी ती दळण घेऊन आली आणि फाटकातच थिजली. झेंडूचे शेंडे गेले होते. अबोली अर्धी झाली होती. गवती चहाची बुडं उरली होती आणि बांडी कोरांटीचे काटे चुकवत पानं खुडत होती.

चांगुणानं काठी उचलली. "गोजरे! ही सगळं खातीया! हिनं थुंकलेलंबी खातीया!"

गोजराबाई धावत येऊन आडवी आली. "मारू नगंस! गाभण हाय गं ती. डोहाळं लागल्यात!"

काठी वरच राहिली. ओट्यावर बसलेला आनंदा शांतपणे म्हणाला, "दवाखान्यात नवऱ्यांना काय सांगायचीस? मागंल ते द्या तिला."

"ते बायकांचं!"

"हीबी बाईच हाय की."

चांगुणाला हसू फुटलं, ते दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं. तिनं काठी टाकली आणि सवयीनं बांडीच्या पोटावरून हात फिरवला. "दोन असत्याल," ती गोजराबाईला म्हणाली. "हिला हौदावर चढू देऊ नगंस."

मग एक गंमत झाली. शेंडे खुडलेल्या झेंडूला बाजूनं फांद्या फुटल्या, अबोली पसरली, गवती चहा पहिल्यापेक्षा जोमानं आला. दसऱ्याला झाडं फुलांनी अशी गच्च भरली की पायरी दिसेना. चांगुणानं विहारात टोपलीभर झेंडू नेला, तेव्हा बायका तिला घेरून विचारू लागल्या, एवढी दाट बाग केलीस कशी?

"छाटणी करून घेतली," आनंदा मधेच म्हणाला.

"कुणाकडनं?"

चांगुणानं त्याच्याकडं डोळे वटारले, पण तोवर त्यानं सगळं सांगून टाकलं होतं. दुसऱ्याच दिवशी खालच्या आळीची रंभाबाई गोजराबाईच्या दारात आली. तिचाही झेंडू उंचच उंच गेला होता, बांडीला घटकाभर धाडशील का म्हणून विचारू लागली.

गोजराबाईनं बांडीच्या मानेवर हात ठेवला. "न्हाई बाई," ती म्हणाली. "ती कुणाच्याबी दारात जात न्हाई. तिला आधी लाड लागत्यात."