दोन सर्व्हरांची एक पेटी

धुळ्याहून ती येणार असं कळलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? आमच्या संस्थेचं एक कॉलेज जळगावात, एक धुळ्यात. जळगावच्या कॉम्प्युटर विभागात मी चौदा वर्षं कंत्राटावर. आणि आता दोन्ही कॉलेजांना मिळून सिस्टिम इनचार्जची एक कायम जागा निघाली होती. त्याच महिन्यात दोन नवे सर्व्हर आले. ते जिच्या हातून उभे राहतील तिचीच ती जागा, असं ऑफिसनं परस्पर ठरवून टाकलं. मीही.

धुळ्याच्या कॉलेजात ती माझंच काम करायची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. सकाळच्या एसटीनं आली आणि आल्या आल्या मला 'अक्का' म्हणाली. शिपाई आबा मला अक्का म्हणतात ते वेगळं. हिनं म्हटलं आणि मला माझे पांढरे केस आठवले. मी तिला मुद्दाम मॅडमच म्हणत राहिले.

दुपारी तिनं डबा उघडला तर आत भरीत. जळगावात येऊन धुळ्याची बाई भरीत खाऊ घालते आणि आमची माणसं बोटं चाटतात! माझ्या शेवभाजीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. बरं, भरीत खरंच चांगलं झालं होतं, त्याचाच जास्त राग.

प्राचार्य सरांना कुणालाच दुखवायचं नव्हतं. भावाभावांत शेत वाटतात तसं त्यांनी काम वाटलं. "एक सर्व्हर धुळ्याच्या मॅडम बघतील, एक तुम्ही. उगाच कुणाची तक्रार नको."

आता हे काम असं निम्मं निम्मं होत नाही. दोन सर्व्हर म्हणजे दोन जावा, आणि त्यांना जोडलेली स्टोरेजची पेटी म्हणजे दोघींची एकच कोठी. तिच्यात कप्पे एकीनंच पाडायचे. दुसरीनं ते नुसते बघून घ्यायचे. हे मला ठाऊक होतं, सरांना सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर कप्पे तीच पाडणार आणि मी शेजारी बसून माना डोलावणार. मी म्हटलं, "चालेल सर."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अक्का, कप्पे मी माझ्याकडून पाडते. तुम्ही मागाहून तुमच्या सर्व्हरला पेटी परत वाचायला लावा, म्हणजे झालं."

मला शिकवते! मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

तिनं एका दिवसात कप्पे पाडले. पुढचे दोन दिवस सगळ्या विभागांच्या फाइली त्यांत भरल्या. सर येऊन तिचं कौतुक करून गेले, स्टाफरूममध्ये तिचंच नाव. चौथ्या दिवशी ती चहाला गेली आणि मी माझ्या सर्व्हरपुढे बसले. पडद्यावर पेटी रिकामी. एकही कप्पा नाही.

काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, बाईंनी नुसताच गाजावाजा केला, केलं काहीच नाही. सर्व्हरनं पेटी जुनीच वाचलेली असणार, परत वाचायला लावावं, हे मला तेव्हा सुचलंच नाही. तिची चूक सापडली यातच मी इतकी खूश होते. ती यायच्या आत करून दाखवू म्हणून भराभर माझे कप्पे पाडले, फॉरमॅट केले आणि खुर्चीत रेलून बसले.

पाच मिनिटांत सगळ्या विभागांतून फोन. कुणाचीच फाइल उघडेना. तिनं भरलेल्या कोठीवरच मी नवे कप्पे पाडले होते. आबा दारात येऊन म्हणाले, "काय जायं वं अक्का? बठ्ठं गये का?" सगळंच गेलं होतं.

ती धावत आली. माझ्या सर्व्हरची नोंदवही तिनं माझ्यासमोर पडद्यावर उघडली. वेळ, काम, माझं लॉगिन, सगळं तिथं होतं. तिनं वाचलं आणि बंद केलं. तेवढ्यात सर आले, लालबुंद.

"चूक माझी आहे सर," ती म्हणाली. "दुसरा सर्व्हर मीच आधी नीट जोडायला हवा होता. जुन्या मशीनवर फाइली आहेत, परत भरते."

सर तिला वाटेल ते बोलले. मी खाली मान घालून उभी राहिले. तोंड उघडलं असतं तर चौदा वर्षं पाण्यात गेली असती. नाही उघडलं.

महिन्यानं कायम नेमणुकीचं पत्र माझ्या हातात आलं. संध्याकाळी तिचा धुळ्याहून फोन. "अभिनंदन अक्का!" मी विचारलं, "त्या दिवशी तू ते अंगावर का घेतलंस गं? जागा तुला मिळाली असती."

"मला?" ती हसली. "मी अर्जच केला नव्हता. मी इथे दोन वर्षांपूर्वीच कायम झाले. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

नाही. आणि मीही कधी विचारलं नव्हतं. फोन ठेवला आणि पत्र हातात धरून बसून राहिले. मी जिच्यासाठी जळले, ती जागा तिला नकोच होती. आणि देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला तिचा जितका हेवा वाटला तितका आधी कधीच वाटला नव्हता.