खुर्ची कंपनीची, उंची तुझी

काझी सर संध्याकाळी ऑफिसातून निघताना आपली खुर्ची पार खाली करून जात. सकाळी आले की खिशातून एक कार्ड काढत आणि त्यावर पाहून खुर्ची पुन्हा वर घेत. खुर्चीची उंची, पंख्याचा वेग आणि चहातली साखर, एवढंच त्या कार्डावर लिहिलेलं असे. असं कार्ड आम्हा सगळ्यांना सक्तीचं होतं.

पहिल्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. खुर्ची वर करून मी जेवायला गेले. परत आले तर सर तिच्यापाशी उभे.

"ही उंची कोणाची गो?"

"माझी, सर."

"मग इथे कशाला सोडलीस? खुर्ची कंपनीची, उंची तुझी. ती खिशात ठेव."

मी मंडणगडकडची, घरात कॉलेजात गेलेली पहिलीच. मला वाटलं, सगळी ऑफिसं अशीच असतात.

सर गेल्या वर्षी वारले. पूर्वी ते बोटीवर इंजिनीयर होते. "बोट कंपनीची, बॅग आपली," म्हणायचे. "बोट बदलली की बॅग उचलायची न् चालू पडायचं. बोटीच्या कपाटात ठेवलंस ते गेलं समज." मिरजोळ्याला त्यांनी काजू कारखान्यांसाठी प्रोग्राम बनवायचं छोटं ऑफिस काढलं होतं. ते प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर बसवणारं आणि नवी आवृत्ती आली की बदलणारं पॅकेज तयार करणं, हे माझं काम.

अडचण अशी होती की वापरणाऱ्याने केलेली सेटिंग्ज प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये राहत. नवी आवृत्ती बसली की तो फोल्डर बदले आणि सेटिंग्ज पुसली जात. एका कारखान्यात सुलभाताई वजनाच्या नोंदी करत. त्यांची नजर अधू, म्हणून त्यांनी अक्षरं मोठी करून घेतली होती. दर नव्या आवृत्तीला ती बारीक होत आणि नोंदी चुकत. शेठने त्यांना बजावलं होतं, "आता एकदा चुकलात की परत काजूगर निवडायला बसायचं."

सर म्हणत, सेटिंग्ज माणसाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये हवीत. मी भीत भीत म्हटलं, "पण सर, सगळं एका जागी असलं की सापडायला बरं ना?"

"बघूया की," सर म्हणाले. "ऑफिस काढा!"

आम्ही खरोखरच ऑफिस काढलं. टेबलं, खुर्च्या, पंखे, सगळं व्हरांड्यात नेलं आणि रिकाम्या खोलीत खिशातली कार्डं धरून उभे राहिलो. समोरचा वेल्डर डोकावला. "काझीभाय, जप्ती आली काय?"

"नाही रे, चाचणी!"

मग सगळं परत आत आणलं. कार्डं पाहून प्रत्येकाने आपलं आपलं नीट लावून घेतलं. फक्त सर अडले; त्यांचा चष्मा दिसेना. तो त्यांच्या टेबलाच्या खणात निघाला. मी तो पुढे केला.

"खण कंपनीचा," सर म्हणाले. "ऑफिस काढलं तेव्हाच चष्मा गेला."

"सर, हा काय माझ्या हातात."

"तुझ्या हातात असेल. माझा पुसला गेला."

त्यांनी तो दिवसभर लावला नाही. कार्ड दाखवत नाही म्हणून पाण्याच्या पिंपाला बराच वेळ रागावले.

ते पाहून मी मुकाट्याने कामाला लागले. प्रोग्रामबरोबर येणारी सेटिंग्ज प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवली; माणसाने बदललेली त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, जिथे पॅकेज हातच लावणार नाही. दुपारी आम्ही कारखान्यात गेलो. सर माझ्या छत्रीचं दुसरं टोक धरून मागून चालत होते.

मी आधी ताईंची जुनी सेटिंग्ज त्यांच्या फोल्डरमध्ये उतरवली, मग नवी आवृत्ती बसवायला घेतली. शेठ मागे येऊन उभे राहिले. ताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. पडदा काळा झाला, मग उजळला. अक्षरं मोठीच होती.

चष्मा गेल्यापासून सरांना पहिल्यांदाच काही वाचता आलं. ते ताईंच्या खुर्चीत बसले आणि मोठमोठ्याने वाचू लागले, "अख्खा गर! तुकडा! पाकळी! एकूण वजन!"

"ह्यांना काय झालं?" शेठने मला विचारलं.

बाहेर पोती येऊन पडली होती. ताई पुढे झाल्या.

"सर, उठा आता. ही जागा माझी आहे."

म्हणाल्या सरांना, पण बघत होत्या शेठकडे.