खिडकीजवळची खुर्ची

भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी साठी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. बस सुटताच मान तिरकी करून ते इंजिनाचा आवाज ऐकू लागले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सवय आहे. मुंबईले विमानं दुरुस्त करत होतो."

त्यांची बहुतेक नोकरी एकाच मोठ्या विमानावर झाली. ते नवंकोरं आलं तेव्हा हेही कंपनीत नवे होते. आधी ते लंडनला जायचं, नंतर हाजींना नेऊ लागलं. परदेशात लढाई पेटली तेव्हा तिथे अडकलेले मजूरही त्यानंच आणले. "उतरले का जमिनीले हात लावत होते लोकं," ते म्हणाले.

शेवटी तेल फार खातं म्हणून कंपनीनं ते मोडीत काढलं. आतल्या खुर्च्या काढायचं काम यांच्याच टोळीकडे आलं.

"बायकोले एकदाच नेलं होतं त्याच्यात. खिडकीजवळ बसली होती, पूर्ण रस्ता माहा हात धरून." त्यांचा अंगठा तळहातावर फिरत राहिला. "तिले जाऊन तवा दोन वर्सं झाली होती. थे खुर्ची मी कोणाले खोलू देल्ली नाही."

"घरी आणली का?"

"कायले? कंपनीची होती. बाजूच्या खुर्चीवर घडीभर बसलो, मंग पाना लावला."

अड्याळला ते उतरले. तेवढ्या वेळात त्यांनी विमानाचा नंबर दोनदा सांगितला होता. स्वतःचं नाव त्यांनी सांगितलं नाही, आणि मलाही ते विचारावंसं वाटलं नाही.